जलपृष्ठावरील तवंग : प्रस्तावना

घरगुती माशांच्या पेटीत पाण्याच्या पृष्ठभागावर जो तवंग धरतो, तो एका स्वतंत्र पुस्तिकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका ही पाने उघडणाऱ्या गृहस्थाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्याने एकदा कागद टाकून तो तवंग टिपून घेतला, पाणी स्फटिकासारखे झाल्याचे समाधान घरच्यांना बोलावून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताच तोच इंद्रधनुषी पापुद्रा या काचेपासून त्या काचेपर्यंत पूर्ववत पसरलेला पाहिला, त्याच्या मनात ती शंका फार काळ राहावयाची नाही. तवंग काढणे सोपे आहे. तो कोठून येतो याचा तपास लावणे कठीण आहे, आणि बहुतेक मत्स्यप्रेमी पहिल्या कामातच आपला सर्व उत्साह खर्ची घालीत असल्यामुळे दुसरे काम वर्षानुवर्षे तहकूब राहते. पुढील प्रकरणांत जे काही सांगितले आहे, ते मुख्यतः या दुसऱ्या कामासंबंधी आहे.

ही पुस्तिका नंदेसरीच्या परिसरात सिद्ध व्हावी, यात काही औचित्य आहे. वडोदऱ्याहून वसदकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बाजवा आणि रणोली मागे टाकल्यानंतर हे गाव लागते. एका अंगास मही नदीची कोतरे, दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहतीची धुराडी. ज्या शहरात 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन स्थापन झाले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनज्ञाने तेथे शास्त्र कारागिराच्या हाती दिले, ज्या शहरात 1907 मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या उद्योगातून अ‍ॅलेम्बिकचा कारखाना उभा राहिला, त्या शहराच्या उत्तरेस पुढे 1965 मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू व्हावा, 1969 मध्ये पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी स्थापन व्हावी, आणि त्यांच्या शेजारी नंदेसरीत रंगद्रव्ये, नायट्राइटे व अशाच नाना प्रकारच्या मध्यस्थ रसायनांचे लहानमोठे कारखाने दाटीने वसावेत, हे क्रमप्राप्तच होते. गायकवाडी अमदानीत ज्यांचे पणजोबा सुभ्याच्या किंवा वहिवाटदाराच्या कचेरीत दप्तर सांभाळीत, अशा कित्येक मराठी घरांतील मंडळी आज या पट्ट्यातील कारखान्यांच्या पाळ्यांवर जातात. पाणी आणि तेल यांचे वैर त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. कारखान्यातील सांडपाणी संथ हौदातून नेले की तेल वर येते, ते पन्हाळीने ओढून घ्यावे लागते, उरलेले पाणी सामुदायिक शुद्धीकरण केंद्राकडे जाते आणि तेथून 1983 पासून चालू असलेल्या, पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीच्या कालव्याने महीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताकडे वाहून नेले जाते, हा सारा बंदोबस्त त्यांच्या नित्य परिचयाचा असतो. आश्चर्य एवढेच की हाच मनुष्य घरी येऊन आपल्या दोन-तीन फुटी पेटीवर तवंग पाहतो, तेव्हा हौद, पन्हाळ आणि उगमाचा शोध हे सर्व विसरून दुकानातून एखादी बाटली आणतो आणि तिच्यातील द्रव्य पाण्यात ओततो. पाण्यात जे अधिक झाले आहे त्यावर आणखी काही अधिक घालणे हा उपाय मला कधीच पटलेला नाही. आणि रसायनांच्या गावात राहून रसायनाविरुद्ध लिहिण्याचा आरोप कोणी ठेवलाच, तर तो मी आनंदाने मान्य करीन.

तवंग म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याने लंडनजवळील क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे निश्चल झाले, असे त्याने 1774 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात नमूद केले आहे. इतके थोडे तेल इतक्या विस्तारावर पसरले असेल तर त्याच्या थराची जाडी किती, हा हिशेब मात्र त्याने केला नाही. तो शंभराहून अधिक वर्षांनी, 1890 मध्ये, लॉर्ड रॅले यांनी केला, आणि उत्तर दीड-दोन नॅनोमीटरांच्या आसपास आले. म्हणजे डोळ्यांना दिसण्याच्या पुष्कळ आधी तवंग अस्तित्वात असतो. ज्या तवंगावर आपणास रंग खेळताना दिसतात, तो या आद्य थराच्या शेकडोपट जाड झालेला असतो. तोवर आपण झोपेत असतो असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या विषयाचे खरे मातृत्व ज्या स्त्रीकडे जाते, तिचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचे दार बंद होते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हाच त्यांचा दिनक्रम. खरकटी भांडी धुताना पाण्याच्या पृष्ठभागाचे वर्तन कसे बदलते, याचे निरीक्षण करीत त्यांनी एक उथळ पन्हाळ तयार केली, तिच्यावर पत्र्याची पट्टी आडवी टेकवली, आणि ती पट्टी सरकवून पृष्ठभाग एका बाजूस झाडून घेण्याची, आकुंचित करण्याची, विस्तारण्याची आणि त्याबरोबर पृष्ठताण मोजण्याची युक्ती सिद्ध केली. जानेवारी 1891 मध्ये त्यांनी रॅले यांस पत्र लिहिले. त्या थोर मनाच्या शास्त्रज्ञाने ते ‘नेचर’कडे पाठवून त्याच वर्षी मार्च महिन्यात छापवून आणले. पुढे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी अशीच पन्हाळ अधिक परिष्कृत करून जे संशोधन केले, त्याचा मान त्यांस 1932 च्या नोबेल पारितोषिकाच्या रूपाने मिळाला. आज आपण टिपकागदाची पट्टी पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतो, तेव्हा पोकेल्सबाईंचीच पट्टी ओढीत असतो. तिसऱ्या प्रकरणात ती कृती सविस्तर दिली आहे.

आता पेटीतील तवंगाकडे वळू. तो एकाच जातीचा नसतो, आणि जातीची ओळख पटविल्याशिवाय केलेला उपाय अंधारात मारलेल्या दगडासारखा आहे. स्वच्छ काचेची कांडी पृष्ठभागातून हलकेच फिरवावी. तवंग मागोमाग मिळून येत असेल, तर तो तेलाचा. तडकलेल्या पापुद्र्याप्रमाणे त्याचे तुकडे होऊन ते वेगवेगळे तरंगत राहिले, तर तो जिवाणूंचा. पाण्यात लोह असेल तर लोहजीवी जिवाणूंचा असाच इंद्रधनुषी तवंग धरतो आणि तळाशी गंजाच्या रंगाचा साका बसतो. नदीकाठच्या डबक्यांवर तो पाहून तेलगळतीची तक्रार करणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, आणि कांडीची परीक्षा त्यांनी केली असती तर तक्रारीचा कागद वाचला असता. हवेच्या दगडातून निघणारे बुडबुडे वर येऊन लगेच फुटण्याऐवजी काचेच्या कडेशी घोळक्याने टिकून राहत असतील, तर पाण्यात प्रथिनांचे प्रमाण वाढले आहे, असे समजावे. आणि कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असेल तेथे पृष्ठभागावर जी पांढुरकी, बोटाला किंचित खरखरीत लागणारी कात धरते, ती कॅल्शियम कार्बोनेटाची असते. ती चिमटीने काढून बशीत ठेवून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसते. अशाच पाण्याचा चहा कपात थोडा वेळ तसाच राहिला तर त्यावर जो तपकिरी पापुद्रा येतो, त्याच्या निर्मितीतही याच क्षारांचा हात असतो. नळाचे पाणी आणि कूपनलिकेचे पाणी घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या पेट्यांवर एकाच आठवड्यात दोन निरनिराळे तवंग दिसले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. वडोदरा शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग महीच्या वाळूत फाजलपूर, रायका, दोडका इत्यादी गावांजवळ खोदलेल्या फ्रेंच विहिरींतून येतो; खोल कूपनलिकेचे पाणी हा अगदी वेगळा मामला आहे.

तवंगाने होणारे नुकसान कोणते? सामान्य समजूत अशी की तवंग झाकणासारखा बसतो आणि प्राणवायूचा मार्ग अडवतो. जाड तैलथराच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहे. परंतु पातळ तवंगाचा मुख्य अपराध निराळाच आहे, आणि तो फ्रँकलिनच्या तळ्यानेच दाखवून दिला आहे: तवंग पाण्याला निश्चल करतो. निश्चल पाण्यात प्राणवायू केवळ विसरणाने खाली उतरतो, आणि ती गती इतकी मंद आहे की एक सेंटिमीटर अंतर कापण्यास त्याला काही तास लागतात. पृष्ठभाग हलता असेल तर वरचे पाणी खाली, खालचे वर, असा अखंड व्यवहार चालतो आणि विसरणाच्या कूर्मगतीवर अवलंबून राहावे लागत नाही. त्यात ऋतूची भर पडते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. 30 अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. वैशाखात वडोदऱ्याचा पारा 40 अंशांपलीकडे जातो, त्याच दिवसांत वीज गेली की पंप थांबतो, आणि पहाटे, रात्रभर वनस्पतींनीही प्राणवायू खर्चच केलेला असताना, मासे तोंडे वर काढून पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात. पृष्ठभागालगतच्या मिलिमीटरभर पाण्यात प्राणवायू सर्वांत अधिक असतो म्हणून ते तेथे येतात. आणि तवंगही नेमका तेथेच असतो.

माशांच्या पिलांची गोष्ट याहून नाजूक आहे. पुष्कळ जातींच्या माशांचा वाताशय, म्हणजे पाण्यात तोलून राहण्यासाठी असलेली हवेची पिशवी, जन्मतः रिकामा असतो. ठराविक दिवसांच्या आत पिलाने पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेतला तरच तो भरतो, आणि ती वेळ टळली तर पिलू पाठीच्या कण्यात वाकते, नीट पोहू शकत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या बीजोत्पादन केंद्रांत सी-बास आणि सी-ब्रीम या माशांची पिले मोठ्या संख्येने अशी विकृत होऊ लागली, तेव्हा शोधाअंती कारण निघाले ते पाण्यावरचा तेलकट थर. हवेच्या झोताने तवंग एका चौकटीत ढकलून काढून टाकण्याची तजवीज होताच परिस्थिती सुधारली. डासांच्या अळ्या मारण्यासाठी डबक्यांवर रॉकेल शिंपडण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्या मुळाशीही हेच होते, फक्त तेथे तो परिणाम इष्ट होता. आपल्या घरातील गोरामी किंवा लढाऊ मासा यांस तर वातावरणातील हवा प्रत्यक्ष घ्यावी लागते, त्यांच्या डोक्यात त्यासाठी स्वतंत्र इंद्रिय असते. तेव्हा त्यांच्या पिलांच्या टाकीवरील तवंगाकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य आहे. जाता जाता एक सूचना: या माशांचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे रचतो. स्वच्छतेच्या भरात गृहिणी किंवा गृहस्थ ते घरटेच टिपून टाकतात, आणि मग पिले का झाली नाहीत, म्हणून दुकानदाराशी वाद घालतात.

तवंग सर्वत्र आणि सर्वकाळ शत्रूच आहे, असे मात्र नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1960 च्या सुमारास अशाच एका रेणूएवढ्या जाडीच्या थराचा उपयोग जलाशयांतील बाष्पीभवन रोखण्यासाठी कसा होईल, याचे संशोधन चालले होते, आणि अल्कॉक्सी-इथॅनॉल वर्गातील द्रव्यांच्या अशा थरांवर तेथील शास्त्रज्ञांचे लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. दुष्काळी मुलखात तलावाचे पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून जो थर मुद्दाम पसरावयाचा, तोच दिवाणखान्यातील पेटीवर नको असतो.

तवंग येतो कोठून? येथे पुस्तिकेतील सर्वांत दीर्घ प्रकरण खर्ची पडले आहे, कारण उगम शोधताना पेटीपुरते पाहून भागत नाही. फोडणीचा धूर हा आपल्या घरातील पहिला संशयित. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते तेव्हा तेलाचे सूक्ष्म कण हवेत उडतात, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या उघड्या पेटीचे पाणी हे त्यांना उतरण्यास आयते मैदान असते. पंख्याचे पाते आणि भिंतीवरचे घड्याळ जितके चिकट, तितकाच पेटीचा पृष्ठभागही चिकट असणार. दुसरा संशयित म्हणजे हात. यंत्रावरून आलेला, वंगण लागलेला किंवा केसांना तेल लावलेला हात साबणाने धुऊन पुष्कळ पाण्याने निथळल्याशिवाय पेटीत घालू नये, आणि साबणाचा अंश राहिला तर तो तेलापेक्षाही वाईट. देव्हाऱ्यातील उदबत्तीची राख आणि सुगंधी तेले यांचा हिस्सा लहान, परंतु निश्चित आहे. डास पळविण्यासाठी प्लगला लावण्याच्या कुप्यांतील द्रव्य तवंग धरो न धरो, त्यातील पायरेथ्रॉइड वर्गाचे रसायन माशांस अत्यल्प मात्रेतही विषवत् असल्याने ती कुपी माशांच्या खोलीत लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु या सर्वांपेक्षा मोठा गुन्हेगार म्हणजे खाद्य. माशांच्या आहाराचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचा एक भाग आहे, ज्यात माशांच्या जाती आणि त्यांना आकृष्ट करण्यासाठी द्यावयाचे खाद्य यांचे विवेचन आले आहे. आणि तो ग्रंथ वडोदऱ्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाने प्रसिद्ध होऊ लागला, त्याचा पहिला खंड 1925 चा आहे. मासे जवळ यावेत म्हणून त्यांना काय द्यावे, हा सोमेश्वराच्या विनोदाचा प्रश्न. काय आणि किती देऊ नये, हा आपला. दुकानी मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांत स्निग्धांश असतोच. मासे दोन-तीन मिनिटांत जेवढे खातील तेवढ्यापलीकडे जे पडते, ते कुजते, त्यातील मेद वर येतो, प्रथिने विरघळून पृष्ठभागाशी जमतात, आणि त्यांच्यावर जिवाणूंची वसाहत उभी राहते. घरात लहान मुले असतील तर प्रत्येक मूल प्रत्येक वेळी मुठीने खाद्य टाकते, आणि आजोबांना ते आवडते. हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असल्याने मी त्यात शिरत नाही.

नवीन पेटीची अवस्था निराळी असते. फिल्टरमधील उपकारक जिवाणू स्थिर होईपर्यंत, आणि ओला लाकडी ओंडका आपले द्रव सोडीत असेपर्यंत, काही आठवडे तवंग येतोच. त्या काळात घाबरून सर्व पाणी बदलणे म्हणजे स्थिरावू पाहणारी व्यवस्था पुन्हा उखडणे होय. आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे, खाद्य निम्म्यावर आणावे आणि धीर धरावा.

उपायांविषयी येथे थोडकेच सांगतो. फिल्टरच्या निर्गमनळीचे तोंड किंचित वर वळवून पृष्ठभागावर लहरी उठत राहतील असे करणे, हा एकच उपाय बहुसंख्य घरांत पुरेसा होतो. लहरी उठल्या की तवंगाचा थर तुटतो, त्यातील द्रव्य पाण्यात मिसळून फिल्टरच्या वाटेस लागते, आणि प्राणवायूचा व्यवहारही सुधारतो. ज्यांनी वनस्पतींसाठी पाण्यात कर्बवायू सोडण्याची सोय केली आहे, त्यांना मात्र हा उपाय बेताने करावा लागेल, कारण खळबळाट झाला की तो वायूही उडून जातो. त्यांच्यासाठी पृष्ठभागावरील पाणी अलगद ओढून घेणारा स्किमर बरा. कारखान्याच्या हौदावरील पन्हाळीचाच तो धाकटा भाऊ आहे, एवढे सांगितले तर नंदेसरीच्या वाचकास अधिक स्पष्टीकरण लागणार नाही. पेला उभा धरून त्याची कड पाण्याच्या पातळीखाली अगदी केसभर उतरवली, तर पृष्ठभाग आपल्याबरोबर तवंग घेऊन पेल्यात धावतो. विनाखर्चाचा हा स्किमर मला सर्वांत प्रिय आहे. गप्पी आणि काळे मॉली पृष्ठभागावरील जिवाणूंचा थर खरडून खातात, हेही खरे. डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात म्हणून आपल्या देशात गप्पी माशांस सरकारी आरोग्यखात्यानेही जवळ केले आहे. परंतु तेलाचा तवंग खाण्यास कोणताही मासा तयार नसतो, हे ध्यानात ठेवून, केवळ तवंगासाठी मासे विकत आणण्याचा मोह टाळावा.

समुद्राच्या पाण्याच्या पेट्या या पुस्तिकेतून मुद्दाम वगळल्या आहेत. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होत असल्याने प्रथिने फेसावाटे बाहेर काढण्याची स्वतंत्र यंत्रे तेथे वापरतात, आणि त्यांचे शास्त्र व खर्च दोन्ही वेगळ्या ग्रंथाची अपेक्षा करतात.

ज्यांच्या पेटीवर आजच तवंग धरला आहे, त्यांनी ही प्रस्तावना बाजूस ठेवून प्रथम तिसरे प्रकरण उघडावे: हवेचा पंप पाच मिनिटे बंद करून पृष्ठभाग स्थिर होऊ द्यावा, पेटीच्या रुंदीएवढा कोरा टिपकागद एका टोकाशी ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढावा, तो फेकून दुसरा घ्यावा, पंप पुन्हा सुरू करण्यास विसरू नये, आणि मगच, कांडीची परीक्षा उद्या सकाळी करण्याचे ठरवून, दुसऱ्या प्रकरणाकडे यावे.